वारा आणि वारं

"सोळाच गाठी तं माराच्या होत्या. सोळा. काई पहाड नोता खोदाचा."

लीलाबाई हे पाट्याला सांगत होती. पुरण वाटताना ती नेहमी पाट्याशीच बोले. कुणाला झोंबलंच तर ‘मी तं पाट्याले म्हनलं’ असं म्हणायची सोय राही. आज पाट्याला खेटून तिची वहिनी गिरजा पोळ्यांची कणीक तिंबत बसली होती, आणि गाठी अर्ध्यात टाकून उठून गेलेली पोरगी गिरजाची होती. गिरजानं कणकेला एक बुक्की जास्तीची मारली.

महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस, म्हणजे जेवणाचा. देवळीच्या अण्णाजींच्या घरी काल दिवेलागणीला दोघी बहिणी येऊन अडण्यांवर उभ्या राहिल्या होत्या, नव्या लुगड्यांत, वर फुलोरा टांगलेला. त्यांच्यापुढे ठेवायचं हळदीत भिजवलेलं सोळा पदरी सूत, त्याला सोळा गाठी. गाठी मारायच्या त्या घरातल्या कुवार पोरीनं आणि एका बैठकीत. शेवटची गाठ बसेपर्यंत पाटावरून उठायचं नाही.

घरात कुवार पोरगी एकच, नऊ वर्षांची ताना. तिच्या सात गाठी झाल्या होत्या. मग पाट रिकामा दिसला. सूतही दिसेना. शोधलं तेव्हा ते वर सापडलं. निसटू पाहणारी फुलोऱ्याची करंजी देवीच्या सुतानं आढ्याला बांधून ठेवली होती.

"उठली तं उठली," चुलीपाशी बसलेली अण्णाजींची बायको रुख्माबाई म्हणाली. "उरलेल्या मी मारल्या."

"तू मारून कसं चालीन माय? कुवारीनं माराच्या असतेत."

"मंग तू मार. होय कुवारी."

सरोजिनीला हसू आलं. ती धाकट्या नरहरची बायको. वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. नरहर कचेरीत कारकून होता, त्याला सुटी मिळाली नव्हती, म्हणून ती एकटीच आली होती. तिला हसताना पाहून लीलाबाईनं वरवंटा थांबवला.

"हस तू. तुले दोन दिवस राह्यचं अन् जायचं. आमाले विचार. श्रावनात काय झालं, मालूम हाये ना?"

श्रावणात काय झालं ते सगळ्यांनाच मालूम होतं. वावरात विहिरीपाशी तानाला धाकट्या बंडूवर लक्ष ठेवायला बसवलं होतं. रांगता पोरगा. गिरजा निंदून परतली तेव्हा ताना धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, सापाची कात काडीनं उलगडत होती, आणि बंडू विहिरीच्या काठाशी पोचला होता. सालदार लहानूनं धावत जाऊन त्याला पायाला धरून ओढलं. त्या रात्री रूपरावानं, तानाच्या बापानं, पोरीला मारलं नाही. नेहमी मारायचा. त्या दिवशी नुसता बसून राहिला, आणि सकाळी म्हणाला, हिले वारं लागलं.

आता ठरलं होतं. उद्या महालक्ष्म्यांची बोळवण झाली की बैलांची दमणी जुंपायची आणि तानाला नदीपलीकडच्या देवाच्या ठाण्यावर न्यायचं. वारं लागलेली माणसं तिथं ठेवून घेत. हे ठाणं लीलाबाईनंच सुचवलेलं.

"माह्या चुलत दिराचा पोट्टा असाच होता," ती सांगू लागली. "घडीभर बूड टेकत नोता. दोन महिने साखळी घातली तठी. आता पाहा, गाईवानी गरीब झाला."

"बोलतो का आता?" सरोजिनीनं विचारलं.

"बोलाचं कायले? बसते एका जागी."

"हसतो?"

"सरोज, मास्तरीन तू शाळेत. माही परीक्षा नोको घेऊ."

सरोजिनी परीक्षा घेत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्गातल्या चाळीस मुलींत दरसाल अशी एखादी असायचीच. पाटी इथं, पेन्सिल तिसरीकडे, नि स्वतः खिडकीत. त्यांना उनाड म्हणत, मठ्ठ म्हणत, आणि त्या मठ्ठ नसत.

"गुरुजी काय म्हणतात, जाऊबाई?" तिनं गिरजाला विचारलं.

गिरजानं कणकेवरून हात न काढता सांगितलं, "म्हनते, सवाल पुरा व्हायच्या आंधी उत्तर देते. बरोबर देते. अन् तेच पाटीवर लिहाले बसवलं तं आर्ध्यात पाटी सोडून निंगून जाते. टकळी देल्ली तं सूत कमी, गुंता ज्यादा. दुसऱ्याच्या बोलन्यात तोंड घालते. एक काम सांगाव तं तीन करते, अन् सांगतलेलं राह्यते." ती थांबली. "मारून पाह्यलं. उपास करून पाह्यले. मी थकली बाई. तठी नेऊन बरी होत असन तं नेऊ दे."

शेवटचं वाक्य तिनं लीलाबाईकडे न बघता टाकलं, तरी लीलाबाईला ते पोचलं. वरवंटा पुन्हा सुरू झाला, जरा हलक्या हातानं. सकाळपासून एकमेकींवर धुसफुसत असलेल्या नणंद-भावजया एका बाजूला झाल्या होत्या. सरोजिनीनं सासूकडे पाहिलं. रुख्माबाई चुलीतलं लाकूड पुढे सारत होती. त्याला सारायची गरज नव्हती.

*

ताना गोठ्यामागे सापडली.

गोठ्यामागे अर्ध्या वस्तूंचं एक गावच वसलं होतं. चौथं फण लावायला घेतलेली तिफण, एकाच बाजूनं विणलेली बाज, दार नसलेलं कबुतरांचं घर, दोन चाकं जोडून सोडून दिलेली मोट. सगळं अण्णाजींचं. कापूस संपल्यावर पऱ्हाट्या उपटायचा त्यांनी बनवलेला लोखंडी चिमटा मात्र आज देवळीतल्या घराघरात होता. तो पुरा झाला, कारण तो एका दिवसात पुरा झाला. जेवायलाही उठले नव्हते, असं लोक सांगत.

ताना कबुतरांच्या घरासमोर उकिडवी बसली होती. हालचाल नाही. तिच्या सावलीला येऊन झोपलेलं कुत्रं आता उन्हात पडलेलं होतं, सावली पार पलीकडे सरकली होती.

"केव्हाची बसलीस गं?"

"आताच. चूप ना काकू, ते येऊन राह्यली."

कुंभारीण माशी आली. पायांत मातीचा ओला कण. फळीच्या कोपऱ्यात एवढंसं मडकं घडत होतं.

"अळी आनून ठेवते त्याच्यात," ताना कुजबुजली. "मारत नाई. निजवते. मंग तोंड लिंपून घेते. हे चौथं मडकं हाये."

सरोजिनी तिच्या शेजारी टेकली. घडीभर बूड न टेकणारी पोरगी ती हीच.

"गाठी काऊन सोडल्यास?"

"सोडल्या नाई. करंजी पडत होती महालक्ष्मीच्या नाकावर. बांधली. मंग दोराच वर गेला, गाठी कायले मारू?"

"मग सांगायचं नं कोणाला."

"सांगालेच येत होती. रस्त्यात हे दिसली."

"उठायचं नव्हतं, हे समजतं का तुला?"

"समजते." ताना माशीवरची नजर न काढता म्हणाली. "पन पाय उठते तवा मले पुसत नाई. उठल्यावर समजते, का उठली."

सरोजिनीनं हे वाक्य मनात तसंच ठेवलं. कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं, पण टाकवेना.

"काय पाह्यता वं मायलेकी!" मागून आवाज आला. अण्णाजी. उत्तर यायच्या आत ते तानाशेजारी बसले, मडकं पाहिलं, "अस्सं!" म्हणाले, उठले, तिफण उचलली, "हे अठी कोनं टाकली?" म्हणून रागावले, आणि ती आपणच टाकली हे आठवल्यावर परत ठेवली. मग उभ्याउभ्याच एक पाय हलवत त्यांनी शेल्याचं टोक हातात घेतलं. टोकाला तीन गाठी होत्या.

अण्णाजींच्या शेल्याच्या गाठी देवळीत सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या. सकाळी रुख्माबाई बांधून द्यायची. ‘अन्नाजीले कामं लय’ असं लोक म्हणायचे. ‘अन्नाजीच्या पायात वारा हाये, बाप्पा.’ हे कौतुकानं म्हणायचे. कुणाच्या घरी आग लागली, कुणाचा बैल चिखलात रुतला, तर सगळ्यांच्या आधी अण्णाजी धावत असायचे.

"पानं आनाची होती," ते पुटपुटले.

"पानं तुम्ही सकाळीच आनले, आबाजी," ताना म्हणाली. "हे गाठ लहानूच्या घरच्याइले जेवाले सांगाची. हे कापराची."

"अन् हे?"

तिसरी गाठ बाकीच्यांपेक्षा मोठी होती, दुहेरी. तानानं ती निरखली. "हे मले नाई मालूम. हे बांधतानी आजीनं मले बाहेर पाठवलं होतं."

"बरं, येईन ध्यानात." ते निघाले. चार पावलांवर परत फिरले. "तानी, माशी माती कोठून आनते, पाह्यलं?"

"पाह्यलं. रांजनाच्या बुडापासून."

"मले वाटलंच!" आणि ते कापूर आणायला उलट्या दिशेला, रांजणाकडे, गेले.

ताना हसली. सरोजिनीही हसली, आणि हसता हसता थांबली. आजोबाच्या पायात वारा, नातीला वारं. अक्षरं तीच, फक्त काना गेलेला आणि वर एक टिंब चढलेलं. वारा म्हटला की लोक कौतुक करत, आणि वारं म्हटलं की साखळी काढत. हे टिंब कोणी दिलं असेल, याचा ती विचार करू लागली.

*

पूजेच्या वेळी अण्णाजी उभे होते. दरसाल उभेच असायचे. रूपराव पाटावर बसून पाणी सोडायचा, आणि घरचा मालक बाजूला उभा राहून समई सारखी करायचा, दारात जाऊन यायचा, घंटा घ्यायचा, पोरांना हाकलायचा. गावातल्या बायका नैवेद्याला आल्या की माना डोलवत. या घरचा कुळाचार कडक, मालक पाठ टेकत नाही.

सरोजिनी डोक्यावर पदर घेऊन सासूच्या मागे उभी होती. आरती झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "आत्याबाई, आपल्याकडे मालक बसत का नाहीत?"

उत्तर लीलाबाईनं दिलं, माहेरच्या मोठेपणानं. "कुळाचार हाये. महालक्ष्म्या उभ्या अन् मालक बसन, असं नाई आपल्याइत."

"पहिल्यापासून?"

"मंग! पिढ्यान् पिढ्या. सगळ्या आपल्या घरान्यात..." लीलाबाई अडली. "पुलगावचे काकाजी तं बसतेत बाप्पा."

"मामाजींचे सख्खे भाऊ नं ते?"

"लीले," रुख्माबाई म्हणाली, "आंबील पाहाय. उतू जाऊन राह्यली."

लीलाबाई लगबगीनं आत गेली. चूल विझलेली होती. आंबील केव्हाचीच उतरवून झाकून ठेवलेली होती. लीलाबाई झाकणाकडे पाहत जराशी उभी राहिली. आईनं तिला आजवर उगीच कुठं पाठवलं नव्हतं.

बाहेर रुख्माबाईनं देवीच्या पदराची चुणी सारखी केली. मागे ही मास्तरीण उभी होती, पाहत.

कशाला पाहते ही पोरगी एवढं? लग्न करून आली त्या पहिल्या भाद्रपदात रुख्माबाईनंही पाहिलं होतं. विशीतला नवरा पाटावर बसला होता. पाणी सोडता सोडता उठला, गोठ्यात कोण आलं पाहून आला, बसला. परत उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा सासऱ्यांनी वेताची छडी घेतली आणि महालक्ष्म्यांसमोर, पाव्हण्यांसमोर, त्याच्या पोटऱ्यांवर ओढली. तो बसला. बसून थरथरत राहिला, दावणीच्या नव्या गोऱ्ह्यासारखा. तिला त्याची लाज वाटायला हवी होती. तिला वाटला तो राग, आणि तोही सासऱ्यांचा.

पुढच्या साली ती सकाळी उठली आणि सगळ्यांना म्हणाली, सपनात महालक्ष्मी आली. म्हनली, मी उभी, माह्या घरचा मालक उभा पायजे.

नव्या सुनेच्या स्वप्नाला सासरेही भ्यायले. छडी आढ्यावर गेली, ती परत खाली आली नाही. त्यानंतर तिनं कितीतरी गोष्टींना अशा चौकटी करून दिल्या. शेल्याच्या गाठी झाल्या. कचेरीत जायचं तर भाऊ संगं पाहिजे, ही रीत झाली. कुठं चुकलंच तर त्याची एक चांगली गोष्ट झाली. लोक कुळाचार म्हणू लागले, पोरं मोठी झाली, आणि तिचं तिलाही कधी कधी खरं वाटायचं.

तिसरी गाठ तिनं आज पहाटे बांधली होती. दुहेरी. ‘रूपराव इचारीन तवा म्हना, पोरीले नाई नेऊ देत. येवढंच म्हना. तुमचं म्हननं मोडन नाई तो.’ अण्णाजींनी मान डोलवली होती. त्यांची नजर तेव्हा खिडकीबाहेरच्या काळ्या बैलावर होती.

*

जेवणं झाली. गावातली मंडळी पानसुपारी घेऊन गेली. ओसरीवर घरचीच माणसं उरली. अण्णाजी बाजेवर बसले होते, पाय हलत होता, आणि बाज त्याच्या तालात करकरत होती. या घरात ती करकर कुणाला ऐकू येत नसे. आज सरोजिनी दाराआड उभी राहून तीच ऐकत होती. गिरजा बंडूला मांडीवर घेऊन उंबऱ्यात, लीलाबाई खांबाला टेकून. तानाला मधोमध बसवलं होतं. तिचे हात मांडीखाली दाबलेले होते. पायाचा अंगठा मात्र सुटा होता, आणि तो बाजेच्या तालात हलत होता.

"बाबा," रूपराव म्हणाला, "उद्या बोळवन झाली का निंगतो. लहानू दमनी हाकते. तुमचा एक शब्द पायजे."

त्यानं हे शांतपणे म्हटलं. कोणी त्याला निर्दय समजावं असं त्याला वाटत नव्हतं. श्रावणापासून डोळा मिटला की त्याला विहिरीचा काठ दिसायचा, आणि काठावर दोन गुबगुबीत पंजे. पोरीचा राग त्याला येत नव्हता, पोरीचं भ्या वाटत होतं, आणि बापाला पोरीचं भ्या वाटावं याचीच जास्त लाज वाटत होती.

भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची रीत नव्हती. सरोजिनी दाराआडून सासूला म्हणाली, "आत्याबाई, ताना आज सकाळभर एका जागी बसली होती, हे सांगा. कुंभारीण माशी पाहत. हललीसुद्धा नाही. वारं असतं तर बसली असती का?"

"माय," रूपरावही आईलाच म्हणाला, "सुनबाईले सांग, माशीसाठी बसते अन् भावासाठी बसत नाई, त्यालेच वारं म्हनतेत."

"आत्याबाई, सांगा, तिला मनात असून बसता येत नसेल. शाळेत मी पाहते नं. मारलं तर आणखी सुटतं. लहान लहान काम दिलं, मधून उठू दिलं, तर होतं."

"माय, तिले सांग, हे शाळेत ठीक हाये. विहीर का मधून सुट्टी देते?"

रुख्माबाईनं दोन्ही निरोप तोंडानं पोचवले नव्हते, पोचायचे ते आपसूक पोचले होते.

"माह्यावर कोनी दया नाई केली," रूपराव जरा चढ्या आवाजात म्हणाला. "सात वर्साचा होतो. वर्ध्याच्या कापसाच्या बाजारात बाबानं मले एकट्याले सोडलं. धीट व्हावा म्हनून. सांज होईलोग गठानीवर बसून राह्यलो, रडलो नाई. तवा मानूस झालो."

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. रूपरावच्या लग्नात सांगितलेली, नरहर वर्ध्याला शिकायला निघाला तेव्हा सांगितलेली. अण्णाजींचा पाय एकदम जोरात हलला. त्यांनी शेल्याचं टोक हातात घेतलं. दोन गाठी सुटलेल्या, एक होती. ते ती चाचपत राहिले. रुख्माबाई त्यांच्या बोटांकडे पाहत होती.

"हे कायची होती..." अण्णाजी पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, "ने मंग. लीला म्हनते तं बरीच होईन. अन् रूप्या, काळ्या बैलाचा खूर पाह्यला का? मले वाटते..."

ते बोलता बोलता उठले आणि गोठ्याकडे निघालेसुद्धा.

गिरजानं बंडूला छातीशी घट्ट धरलं. मघाशी ‘नेऊ दे’ म्हणणारी तीच होती, पण आता तिच्या तोंडातून "नाई वो..." एवढंच निघालं, तेही बंडूच्या टाळूत. ताना उठली नाही. पहिल्यांदाच उठली नाही. नुसती आजोबाच्या पाठीकडे पाहत राहिली.

"रूपराव," रुख्माबाई म्हणाली. ती त्याला नेहमी रूप्या म्हणायची. "साखळी तठचीच असते का घरून न्या लागते?"

"तठी असते माय."

"मंग त्याइले सांग, दोन लागन."

"दोन?"

"एक पोरीले. एक तुह्या बापाले."

अण्णाजी ओसरीच्या पायरीवर थांबले. एक पाय खाली, एक वर.

"माय!" लीलाबाई ओरडली. "काय बोलून राह्यली!"

"खरं बोलून राह्यली. पोरगी बसत नाई, तुह्या बापाले बसताना पाह्यलं कधी? पोरगी इसरते, मंग शेल्याले गाठी मी कायच्या बांधते, हौस म्हनून? ते दुसऱ्याच्या बोलन्यात बोलते, अन् याइनं आता बैलाचं काय काढलं? पोरीले वारं लागलं म्हनता. वारं नाई लागलं तिले. आबाजीचा वारा हाये तिच्यात. तोच पाय, तोच अंगठा. पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. तानाचा अंगठा थांबला. पायरीवरचा अण्णाजींचा पायही थांबला.

"पन कुळाचार..." लीलाबाई म्हणाली.

"कसला कुळाचार? महालक्ष्मी सपनात बिपनात नाई आली माह्या. तुह्या आज्यानं छडी मारली होती याइले, बसत नाई म्हनून. मले पाहवलं नाई. मंग मी देवीले मंधात घातलं."

लीलाबाई खांबाशी खाली बसली. "आंबील चुलीवर नोतीच," ती स्वतःशी म्हणाली. मग तिची नजर तानाच्या मांडीखाली दाबलेल्या हातांवर गेली. पुढे होऊन तिनं ते बाहेर काढले, आणि लाल झालेली बोटं आपल्या पदरात घेऊन चोळू लागली. "दिराचा पोट्टा हसत नाई वं, सरोज," ती दाराकडे न पाहता म्हणाली. "तू इचारलं होतं. मी आठवून पाह्यलं."

अण्णाजी पायरीवरून परत आले. बाजेवर बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले, शेल्याचं टोक अजून हातातच.

"आलं ध्यानात," ते म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही. "हे गाठ त्याची होती. पोरीले नाई नेऊ देत, हे म्हनाचं होतं मले." त्यांनी ती दुहेरी गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटली नाही. "म्हनतो आता. दमनी जुंपाची नाई, रूप्या."

रूपरावानं दमणीचं ऐकलं की नाही कोण जाणे. तो आईकडे पाहत होता. ज्या पायरीवर उभा राहून आपण मोठे झालो ती हललेली कळावी, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"माय," तो म्हणाला, "मंग वर्ध्याचा बाजार?"

गिरजानं खाली पाहिलं. लीलाबाईचे हात तानाच्या बोटांवर थांबले. हे कुणी कधी विचारलं नव्हतं. कुणाच्या मनात कधी आलंच नव्हतं असंही नव्हतं. रुख्माबाईनं तोंड उघडलं. तिथं एक चांगली गोष्ट तयार असायची, आयुष्यभर असायची. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"सांग," अण्णाजी म्हणाले.

"तुले धीट कराले नोतं सोडलं, बाप्पा," रुख्माबाई लेकाला म्हणाली. "इसरले होते तुले."